ऐंशीच्या दशकातले भडक व्हॅम्पायरपट पुन्हा पुन्हा का बघावेसे वाटतात?

माळ्यावरची ट्रंक

गेल्या शनिवारी लेकीला 'फ्राइट नाइट' दाखवला. १९८५चा, टॉम हॉलंडचा. २०११ला पुन्हा केला तो नव्हे. तिला सोळावं लागलंय, भयपट तिला नवे नाहीत. अर्ध्या तासानं म्हणाली, "आई, सगळं रबरी दिसतंय. ते वटवाघूळ तर सरळसरळ बाहुलं आहे. मग मी उशी का आवळून बसलेय?" मला लगेच उत्तर देता येईना, म्हणून हा धागा.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९८८च्या दिवाळीच्या सुट्टीत, नाशिकला मामाकडे. सगळ्या बिल्डिंगनं वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं आणला होता. तीन कॅसेटी होत्या, पहिल्या दोन हिंदी. तिसरी लागेस्तोवर मोठी माणसं जागच्या जागी आडवी झाली होती आणि आम्ही चार भावंडं एका गोधडीत. कॅसेट इतकी घासलेली की मधेच पडद्यावर नुसत्या मुंग्या. इंग्रजी निम्मंसुद्धा कळत नव्हतं. पण गोष्ट कळायला काही अडलं नाही. शेजारच्या घरात एक देखणा माणूस राहायला आलाय. समोरच्या खिडकीतून एक पोरगा बघतोय. तो माणूस एका मुलीच्या मानेशी झुकतो, मग सावकाश नजर वर करून थेट त्या पोराकडे बघतो आणि लांबच लांब बोटांनी खिडकीचा पडदा खाली ओढतो. त्यानंतर पुढचे कित्येक दिवस मी मामाच्या घरातल्या गॅलरीकडे पाठ करून झोपले नाही.

माझ्यापुरतं उत्तर त्याच सिनेमात आहे. त्या पोरावर, चार्लीवर, कुणीच विश्वास ठेवत नाही. शेवटी तो जातो पीटर व्हिन्सेंटकडे. हा जुन्या भयपटांत व्हॅम्पायर मारणाऱ्याच्या भूमिका केलेला नट, आता रात्री उशिरा टीव्हीवर तेच सिनेमे दाखवणारा, आणि तीही नोकरी नुकतीच गेलेली. रॉडी मॅकडॉवलनं काय केलाय तो! एका प्रसंगात हा म्हातारा व्हॅम्पायरसमोर उभा राहून, आयुष्यभर कॅमेऱ्यापुढे केलं तसं, क्रूस उगारतो. हा व्हॅम्पायर, जेरी डँड्रिज, तो क्रूस हातात घेऊन चुरगाळतो आणि म्हणतो, माझ्यावर याचा परिणाम व्हायला तुझी श्रद्धा असावी लागते. मागून चार्ली आपला क्रूस पुढे करतो, आणि जेरी मागे हटतो. वस्तू सारखीच. एकाच्या हातात ती नाटकाचं सामान, दुसऱ्याच्या हातात शस्त्र.

मला वाटतं त्या काळातले हे सिनेमे टिकले ते याच कारणानं. रबर आहे, धुराचं यंत्र आहे, केसांचे फुगे आहेत, सिंथेसायझर आहे. पण ते हातात धरणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास आहे. इंग्रजीत या प्रकाराला 'कॅम्प' म्हणतात. अमेरिकी लेखिका सूझन सोंटागनं १९६४च्या निबंधात म्हटलंय की अस्सल कॅम्प करणारा माणूस पूर्ण गंभीर असतो. याला मराठी शब्द सुचवा. 'भडक' म्हटलं की दोष वाटतो, 'नाटकी' म्हटलं की खोटेपणा. शीर्षकात नाइलाजानं 'भडक' घातलाय.

तुम्हाला यातले कुठले आवडतात, आणि का, ते लिहा.

शेवटची रांग

धागा वाचून एकदम बरं वाटलं. पीटर व्हिन्सेंट हे नावच दोन नावांची जोडणी आहे, पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस. कुशिंग म्हणजे हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या १९५८च्या 'ड्रॅक्युला'तला व्हॅम्पायर मारणारा व्हॅन हेल्सिंग, समोर ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली.

'फ्राइट नाइट' आला ती वेळ लक्षात घ्या. १९७८ला 'हॅलोवीन' आला, १९८०ला 'फ्रायडे द थर्टीन्थ'. पुढची पाच वर्षं अमेरिकेत भयपट म्हणजे मुखवटा घातलेला माणूस सुरा घेऊन तरुण पोरांच्या मागे. व्हॅम्पायर म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट झाली होती. पीटर व्हिन्सेंट नेमकं हेच चार्लीला सांगतो: आता कुणाला व्हॅम्पायर मारणारे नकोत आणि व्हॅम्पायरही नकोत, लोकांना हवेत मुखवटे चढवून पोरी कापत सुटलेले वेडे. हे ऐकताना मला दरवेळी गलबलतं. आपली कला कालबाह्य झाली हे कळून चुकलेला नट बोलतोय, आणि त्याच्या तोंडून दिग्दर्शकही बोलतोय. हॉलंडचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा. म्हणजे त्यानं पहिल्याच संधीला, जे कुणाला नको होतं तेच मांडलं. आणि लोकांनी गर्दी केली.

अजून एक. जेरी सतत काहीतरी फळ खात असतो, सफरचंद वगैरे. ती जेरी झालेल्या ख्रिस सरँडनची स्वतःची कल्पना. बरीच वटवाघळं फळांवर जगतात, तेव्हा याच्या अंगात थोडं फळखाऊ वटवाघूळ असणार, असा त्याचा हिशेब. रक्त पिणारा शांतपणे सफरचंद चावतोय हे बघून जास्तच अस्वस्थ व्हायला होतं.

पडद्यामागचा

ट्रंकताई, तुमच्या लेकीचा प्रश्न अचूक आहे. मी पुण्यात हौशी आणि प्रायोगिक नाटकांची रंगभूषा करत आलोय, म्हणून माझ्या बाजूनं लिहितो.

'फ्राइट नाइट'चे दृश्यपरिणाम रिचर्ड एडलंडच्या चमूनं केले, १९८४चा 'घोस्टबस्टर्स' केलेली मंडळी. संगणकावर चेहरा बदलायची सोय तेव्हा नव्हती. दात, कपाळ, बोटं, सगळं साच्यातून काढून नटाच्या अंगावर चढवायचं. नट तासन्‌तास खुर्चीत. डोळ्यांत रंगवलेल्या कडक लेन्स, त्या फार वेळ घालूच शकत नाहीत, डोळा सुजतो. याचा पडद्यावर फायदा असा की समोरच्या नटाला घाबरायला खरीखुरी वस्तू मिळते. ती वस्तू त्याच दिव्याच्या उजेडात असते, तिची सावली त्याच भिंतीवर पडते. आपली बुद्धी म्हणते रबर, पण डोळा म्हणतो की ते तिथे आहे. लेकीनं उशी डोळ्याच्या सांगण्यावरून धरली.

आणि एव्हिल एडचा मृत्यू. तो प्रसंग मी शिकाऊ मुलांना नेहमी दाखवतो. चार्लीचा हा चक्रम मित्र व्हॅम्पायर झालाय, लांडगा होऊन पीटर व्हिन्सेंटवर झेप घेतो आणि त्याच्या छातीत लाकूड घुसतं. इथे दुसरा कुणी असता तर पुढच्या प्रसंगाला गेला असता. हॉलंड तिथे थांबतो. लांडग्याचा हळूहळू परत मुलगा होत जातो, केस गळतात, अंग वळतं, तो विव्हळतो, हात पुढे करतो. आणि तो म्हातारा नट जिन्याशी बसून ते सगळं बघत राहतो, डोळ्यांत पाणी. आयुष्यभर पडद्यावर व्हॅम्पायर मारले, आज पहिल्यांदा खराखुरा मारला, आणि तो शाळेत जाणारा मुलगा निघाला. एवढी रबराची कलाकुसर शेवटी कशासाठी वापरली? एका मुलाची कीव यावी म्हणून.

सॅन होजेकर

'द लॉस्ट बॉइज'चं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय! १९८७, दिग्दर्शक जोएल शूमाकर. मी राहतो तिथून ते गाव डोंगर ओलांडला की येतं. सतरा नंबरचा हायवे, दोन्ही बाजूंना रेडवुडची झाडं, आणि उतरलं की सँटा क्रूझ. सिनेमात त्याचं सँटा कार्ला केलंय. समुद्रालगतची बोर्डवॉक नावाची जत्रा १९०७पासून आहे, आणि जायंट डिपर हा लाकडी रोलर कोस्टर १९२४चा. अजून चालतो. लाकूड असं करकरतं की पोटात गोळा येतो. रात्री दिवे लागले की सिनेमाची सुरुवात जशीच्या तशी समोर उभी राहते: वरून काळ्या पाण्यावर तरंगत येणारा कॅमेरा, आणि खाली लखलखता पाळणा.

सिनेमात गावाच्या पाटीच्या मागे लिहिलंय की ही जगाची खुनांची राजधानी. तो उल्लेख हवेतून आलेला नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सँटा क्रूझ परिसरात थोड्या काळात लागोपाठ खून झाले होते, एकाहून जास्त मारेकरी त्याच सुमारास वावरत होते. इथले जुने लोक त्याबद्दल आजही आवाज खाली आणून बोलतात. सिनेमाच्या सुरुवातीला हरवलेल्या मुलांची पोस्टर्स दिसतात ना, त्याच काळात अमेरिकेत दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापत. भडक रंगांच्या खाली हा असा काळोख आहे.

बाकी मग निव्वळ मजा! कॉमिकच्या दुकानात वाढलेले दोघे फ्रॉग बंधू, एडगर आणि अ‍ॅलन, म्हणजे भयकथाकार एडगर अ‍ॅलन पो. चर्चमधून पवित्र पाणी आणून पाण्याच्या पिचकाऱ्यांत भरणं. समुद्रकाठी अंगाला तेल लावून, साखळ्या घालून सॅक्सोफोन वाजवणारा तो धिप्पाड गडी. तो टिम कपेलो, खरा वादक, गायिका टीना टर्नरच्या ताफ्यातला. कथेत त्याचं काडीचं काम नाही. त्याच्यावाचून सिनेमा मात्र मी कल्पू शकत नाही.

घाटवाट

मला थोडं वेगळं वाटतं, आणि ते मनापासून लिहितो. त्याच १९८७ला कॅथरिन बिगेलोचा 'निअर डार्क' आला. भटके व्हॅम्पायर, गाडीच्या काचांना कागद लावून ओक्लाहोमा-टेक्सासच्या माळरानावर फिरणारे. सुळे नाहीत, काळे झगे नाहीत, 'व्हॅम्पायर' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. त्यातल्या बारच्या प्रसंगाइतकी भीती मला इतर कुठल्याच व्हॅम्पायरपटानं दाखवली नाही. चालला नाही तो. चालला 'लॉस्ट बॉइज', कारण त्यात कपडे, गाणी, मोटारसायकली. त्यातली अर्धी दृश्यं मला जाहिरातीसारखी वाटतात.

आणि त्या काळात भडकपणाच्या नावाखाली बरंच कच्चं खपलं. १९८५चा 'वन्स बिटन' पुन्हा लावून पाहा. जिम कॅरी तेव्हा कोवळा होता एवढंच त्याचं मोल. लहानपणी गोधडीत बसून पाहिलं म्हणून प्रेम जडलं, हे मला समजतं. पण ते प्रेम त्या रात्रीवरचं आहे, सिनेमावरचं नव्हे.

माळ्यावरची ट्रंक

घाटवाट, 'निअर डार्क'बद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. बिल पॅक्स्टन, लान्स हेन्रिकसन आणि जेनेट गोल्डस्टीन, त्यातले हे तिघंही नट 'एलियन्स' या सिनेमातून थेट इकडे आलेले. पण तो सिनेमा या धाग्यात बसत नाही, कारण त्याला सोंग घ्यायचंच नाही.

'वन्स बिटन'बद्दलही मान्य. तिथे करणाऱ्यांना व्हॅम्पायरशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना शाळकरी पोरांचा चावट विनोदपट करायचा होता. माझा मुद्दा तोच तर आहे.

गोधडीबद्दल मात्र नाही. माझी लेक त्या गोधडीत नव्हती. तिनं स्वच्छ प्रिंट पाहिली, सोफ्यावर, दिवे चालू ठेवून. तरी उशी धरली.

तिन्हीसांज

ताई, सोंग हा शब्द तुम्हीच वापरलात की! तोच घ्या. आमच्या कोकणात सोंग 'वठतं' किंवा वठत नाही. दशावतारात संकासूर येतो तेव्हा काळ्या कापडाच्या आत गावातलाच कुणी आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि तरी ते आईच्या पदरात तोंड खुपसतं. ते खरंखोटं कुणी तपासत बसत नाही. वठलं की बास.

मला या सिनेमांतलं सगळ्यात खिळवणारं काय वाटतं, तर आमंत्रणाचा नियम. घरातल्या माणसानं बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडू शकत नाही. माझी आजी सांगायची, रात्री बाहेरून नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. मी 'फ्राइट नाइट' पाहिला तेव्हा त्या नियमाचं मला काही नवल वाटलं नाही. बाहेरचं जे असतं त्याला आपल्या तोंडचा होकार लागतोच. वेताळाच्या गोष्टीतही राजानं तोंड उघडलं की प्रेत परत झाडावर.

आता बघा, या सिनेमांत होकार देतं कोण. 'फ्राइट नाइट'मध्ये चार्लीची आई. एकटी बाई, शेजारी देखणा पुरुष आलाय, तिनं कौतुकानं त्याला घरात घेतलं. मुलगा जिन्यावरून उतरतो तर तो दिवाणखान्यात बसलेला! 'लॉस्ट बॉइज'मध्ये घटस्फोट झालेली ल्यूसी दोन मुलं घेऊन बापाच्या घरी येते, आणि तिच्या ओळखीचा मॅक्स, साधा चष्मेवाला, व्हिडिओ दुकानाचा मालक, दारात उभा राहून थोरल्या मुलाकडून आत यायची परवानगी घेतो. शेवटी कळतं की त्या सगळ्या पोरांचा मुख्य तोच. आणि त्याला हवं काय? आपल्या पोरांना आई. रक्तासाठी नाही, संसारासाठी आलाय तो.

त्या वेळच्या अमेरिकेत घटस्फोट घरोघरी झाले होते. आईच्या आयुष्यात नवा पुरुष आला की मुलाला काय वाटत असेल ते कुठल्या गंभीर कौटुंबिक सिनेमानं इतकं नेमकं पकडलं असेल असं मला वाटत नाही. सुळे लावल्यामुळे ते उघड बोलता आलं.

शेवटची रांग

तिन्हीसांज, हे मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि 'लॉस्ट बॉइज' हे नाव तर पीटर पॅनच्या गोष्टीतलं, कधीच मोठी न होणारी मुलं, ज्यांना आई हवी असते. तुमचं वाचल्यावर ते नाव पुरतं उलगडलं.

दोन गल्ल्या सोडून

इथे पहिल्यांदाच लिहितोय. बरीच वर्षं नुसता वाचतो.

पडद्यामागचा यांनी एव्हिल एडच्या मरणाबद्दल लिहिलं. मला त्याआधीचा प्रसंग सांगायचाय. अंधारी गल्ली. सगळे ज्याची टिंगल करतात तो एड भिंतीला पाठ लावून रडतोय. जेरी त्याच्याजवळ जाऊन हळुवार म्हणतो, मला घाबरू नकोस, वेगळं असणं म्हणजे काय ते मला माहीत आहे; आता तुला कुणी छळणार नाही. आणि हात पुढे करतो. एड थोडा वेळ त्या हाताकडे बघतो आणि तो धरतो.

मी समलिंगी आहे. हा सिनेमा मी केबलवर पाहिला, सतराव्या वर्षी, वसतिगृहात, आणि त्या वाक्याला माझ्या आत काहीतरी हललं. तोवर असं मला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणारा राक्षस निघाला हे दुःख होतंच. पण निदान कुणाला तरी ते वाक्य सुचलं होतं.

तो काळ एड्सचा. विषाणूचा शोध १९८३-८४चा, ऑक्टोबर १९८५मध्ये नट रॉक हडसन त्यानं गेला. रक्त, स्पर्श, रात्र या शब्दांचा अर्थच त्या वर्षांत बदलला होता. अशा वेळी रक्तातून पसरणाऱ्या शापाच्या गोष्टी पडद्यावर येतात, आणि 'लॉस्ट बॉइज' करणारा शूमाकर स्वतः उघडपणे समलिंगी. सगळं ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण गंभीर सिनेमात आमच्यासारख्यांना जागा नव्हती, तेव्हा या झगमगीत, नटव्या सिनेमांत होती. नटवेपणा ही आमच्यापैकी अनेकांची भाषा होती. म्हणून 'भडक' शब्द मला लागत नाही. भडक असण्यात एक धीर असतो.

माळ्यावरची ट्रंक

दोन गल्ल्या सोडून, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. तो प्रसंग मी लेकीसोबत पुन्हा बघणार आहे, या वेळी तुमच्या नजरेनं.

पडद्यामागचा

दादा, मनापासून आभार. माझ्या मुलांना यापुढे एडचे दोन्ही प्रसंग जोडूनच दाखवीन. हात पुढे करणं पहिल्यात जेरीचं आहे आणि शेवटच्यात एडचं. हे मला आज दिसलं.

जाता जाता 'व्हॅम्प', १९८६. त्यातली व्हॅम्पायर झालेली गायिका ग्रेस जोन्स एक शब्दही बोलत नाही, आणि तिचं अंग रंगवलंय कीथ हॅरिंगनं. हो, तोच न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत खडूनं चित्रं काढणारा. सिनेमा मधेमधे ढेपाळतो, पण तिच्या त्या एका नाचासाठी रंगभूषा करणाऱ्या प्रत्येकानं पाहावा.

चिकट भात

तुम्ही सगळे अमेरिकेतच फिरताय, जरा पूर्वेकडे या! त्याच १९८५ला हाँगकाँगला 'मिस्टर व्हॅम्पायर' झाला. दिग्दर्शक रिकी लाऊ, निर्माता सामो हुंग. तिथला व्हॅम्पायर म्हणजे च्यांगशी: ताठ झालेलं प्रेत, दोन्ही हात पुढे करून उड्या मारत येणारं, अंगावर चिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याचा पोशाख. परगावी मेलेल्याला अंत्यसंस्कारासाठी त्याच्या गावी परत न्यायचं, आणि मांत्रिक प्रेतांना चालवत नेतो, या चिनी लोककथेतून तो आलाय.

त्याचे नियम काय सुंदर आहेत. त्याला दिसत नाही, श्वासावरून माणूस कळतो, म्हणून तो जवळ आला की श्वास रोखून धरायचा. कपाळावर पिवळा मंतरलेला कागद चिकटवला की जागच्या जागी थिजतो. आणि विष उतरवायला चिकट तांदूळ. शिष्य तांदूळ आणायला जातो तर दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो, आणि त्या भेसळीपायी माणसाच्या जिवावर बेततं. किराणा दुकानाची पायरी चढलेल्या कुणालाही हे लगेच भिडेल.

लाम चिंग-यिंग हा नट त्या मांत्रिक गुरूच्या भूमिकेत आहे. जुळलेल्या भुवया, पिवळा झगा, आणि चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. भोवती शिष्य धडपडताहेत, प्रेतं उड्या मारताहेत, आणि हा मात्र पुजेला बसल्यासारखा. ट्रंकताई म्हणतात ती श्रद्धा बघायची तर त्याच्या चेहऱ्यावर बघावी. पुढे त्याला सगळीकडे याच भूमिकेसाठी बोलावलं गेलं. १९९७ला गेला, वय फार नव्हतं.

दुपारचा चहा

आपल्याकडचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. रामसे बंधूंनी १९७२ला 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला चित्रित केला, सगळं कुटुंब आणि सामान बसमध्ये घालून. एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक आवाजाला, कुणी संकलनाला. १९८४चा 'पुराना मंदिर' तुफान चालला, त्यातला राक्षस सामरी म्हणजे अजय अग्रवाल, ती उंची आणि ते डोळे. त्याच नटाला घेऊन त्यांनी १९९०ला 'बंद दरवाजा' काढला. काळी पहाडी, शवपेटीत झोपणारा नेवला, वटवाघळं. हिंदीतला अस्सल व्हॅम्पायर तोच. वर्षानं दशक ओलांडलंय, पण जात तीच.

आणि वाचणाऱ्यांसाठी नारायण धारपांची 'लुचाई'. मूळ कल्पना स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'ची, पण धारपांनी ती आपल्या मातीत अशी रुजवली की मी मूळ पुस्तक नंतर वाचलं तेव्हा ओळखीच्या गावात परक्या माणसांना भेटल्यासारखं झालं. ती वाचताना मी खिडकी लावून घेतली होती, आणि मे महिना होता.

घाटवाट

काल रात्री 'फ्राइट नाइट' पुन्हा लावला. इथलं सगळं वाचून, मुद्दाम. पंधरा वर्षांनी.

'निअर डार्क'बद्दलचं मत कायम आहे. पण एक गोष्ट मला तेव्हा दिसली नव्हती. शेवटाकडे पीटर व्हिन्सेंट पुन्हा तसाच क्रूस धरतो. हात थरथरतोय, आवाज तोच नाटकी, शब्दही त्याच्या जुन्या सिनेमातले शोभतील असे. आणि या वेळी जेरी थांबतो. क्रूस काही खास नाही, अभिनयाची पद्धतही बदललेली नाही. म्हणजे त्याला श्रद्धा मिळाली म्हणून नाटकीपणा सुटला असं झालं नाही. नाटकीपणासकट ती खरी ठरली. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की खरं व्हायचं तर आधी सोंग उतरवावं लागतं. तिथे मला कॅसेट मागे नेल्यासारखं दोनदा मागे नेऊन बघावं लागलं.

ट्रंकताई, गोधडीबद्दलचं वाक्य मागे घेतो.

सॅन होजेकर

घाटवाट, आता 'लॉस्ट बॉइज'लाही अशीच एक रात्र द्या. जाहिरातीसारखा वाटतो म्हणालात, पण त्याचा छायाचित्रकार मायकेल चॅपमन आहे, 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'रेजिंग बुल' टिपलेला माणूस. गुहेतल्या प्रसंगात उजेड कुठून येतोय ते बघा. आणि भाताचा डबा थोरल्या मुलाच्या, मायकेलच्या, हातात अळ्यांचा होतो तेव्हा त्या पोरांचे चेहरे बघा. नव्या मुलाला टोळीत घेताना करतात तशी थट्टा चाललीय, आणि त्याला अजून कळलेलं नाही की यानंतर आपल्याला काय पाजणार आहेत.

घाटवाट

देतो. या शुक्रवारी.

माळ्यावरची ट्रंक

सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. 'वठणं' हा शब्द तिला फार आवडला. शीर्षक बदलून 'वठलेली सोंगं' करावं का, असं तिनं विचारलंय, संपादकांना विचारते.

काल आम्ही एडचे दोन्ही प्रसंग पाहिले. गल्लीतला, मग जिन्यातला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, उरलेलाही बघू या. म्हणून शेवटपर्यंत पाहिला. चार्ली आणि त्याची मैत्रीण एमी खोलीत आहेत, टीव्हीवर पीटर व्हिन्सेंटचा कार्यक्रम परत सुरू झालाय. चार्लीला शेजारच्या रिकाम्या घरात दोन लाल डोळे दिसल्यासारखे वाटतात, तो लक्ष देत नाही, वळतो. आणि अंधारातून एडचा तो किरटा, हसरा आवाज येतो.

लेक ताडकन उठून बसली. "म्हणजे तो आहे अजून?"

मी म्हटलं, आहे.

"मग बरं झालं," म्हणाली, आणि उठून खिडकीचा पडदा सरकवून शेजारच्या गच्चीकडे बघून आली.